बंदूकवाल्या देवदूताचे नाव

८ जानेवारी, रविवार

स्वस्ति श्री! वाय्यापाता-ग्राम-भूषण, व्याकरण-मार्तंड, लिंग-वचन-विभक्ती-चिकित्सक, देवदूत-बंधुसंघाचे आजीव कार्यवाह, मेघविध्वंसक अग्निबाणांचे एकमेव अधिपती, ग्रामवाद्यवृंदातील दुय्यम तुतारीचे (श्वास उपलब्ध असल्यास) वादक, प्रातःस्मरणीय व सायंविस्मरणीय श्रीमान रेतोकादेल काल्यिसाया, वय वर्षे बावन्न, यांनी आज प्रभाती स्वहस्ते वाळवलेले बटाटे भिजत घातले. पृष्ठाने ही नोंद नम्रतापूर्वक स्वीकारावी.

पृष्ठा, पुरे झाले. खरी बातमी ऐक. आमचा देवदूत नापास झाला!

मिस्सा आटोपल्यावर फादर सेवेरोंनी बिशपसाहेबांचा आदेश वाचून दाखवला. पवित्र शास्त्रात देवदूतांची नावे तीनच — मीखाएल, गब्रीएल, रफाएल. अन्य कोणत्याही नामाचा देवदूत भिंतीवर राहिला तर राहो; पण त्याची मिरवणूक नाही, मेणबत्ती नाही, त्याच्या नावाने प्रार्थना नाही. सगळ्या माना एकदम डाव्या वेदीकडे वळल्या. तिथे चित्रात तो उभा आहे — रेशमी अंगरखा, बाह्यांना झालर, डोक्यावर पिसांची टोपी, पाठीला पंख आणि खांद्यावर लांब नळीची बंदूक. पायाशी काळवंडलेली अक्षरे : रेतोकादेल.

माझे नाव त्याच्यावरून. गावात आणखी दोघांचे. आणि एका खेचराचे.

दर वर्षी दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, त्याला खांद्यावरून शेतांत नेतात. बटाटा तेव्हा फुलावर असतो. तो ढगांना बंदूक दाखवतो आणि गारा डोंगरापलीकडे जातात. निदान जाव्यात अशी अपेक्षा असते.

यंदा उत्सवाची यजमान माझी ताई, प्रिमितिवा. नवरा गेल्यावर सात वर्षे थांबली, तेव्हा पाळी आली. आणि आमच्या गावची रीत निष्ठुर आहे — ज्या यजमानाच्या वर्षी गारा पडतात, त्या गारांना त्याचेच नाव लागते. कायमचे. मी ‘सिरिलोच्या गारे’त जन्मलो. सिरिलोकाका अजून हयात आहेत आणि गारही त्यांच्यासोबत हयात आहे.

देवदूत बाहेर पडला नाही आणि आभाळ फुटले, तर ती होईल ‘प्रिमितिवाची गार’.  चर्चबाहेर आल्यावर ताई फादरांपुढे उभी राहिली नि म्हणाली, “फादर, मी बिशपसाहेबांना ओळखत नाही. ह्याला ओळखते.”

फादर मूळचे खालच्या खोऱ्यातले. आमच्या उंचीवर त्यांचे डोके सतत दुखते, तरी माणूस गोड आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “मास्तर, हा दूत शास्त्रात बसतो एवढं मला दाखवा. मी स्वतः पालखीला खांदा देतो.”

ताईही माझ्याकडे वळली. “शाळेला सुट्टी आहे ना तुझ्या? जन्मभर पोरांच्या चुका शोधल्यास. आता एकदा काहीतरी बरोबर शोध.”

९ जानेवारी

अथातो देवदूतजिज्ञासा! पवित्र शास्त्राच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकापासून आरंभ.

आणि पृष्ठा, काय सांगू — पंखच नाहीत! अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसला आहे. समोर तीन पुरुष उभे. पंख नाहीत, प्रभावळ नाही, बंदूक तर नाहीच. धुळीने भरलेले पाय. तो पाय धुवायला पाणी देतो, वासराचे मांस, दही, ताज्या भाकरी वाढतो, आणि ते जेवतात! मी हा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. देवदूत जेवतात. वाढले तर पोटभर जेवतात.

फादरांना सांगायला धावलो. ते कोकाच्या पानांचा चहा घेत बसले होते. म्हणाले, मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ केवळ ‘निरोप्या’ असा आहे. तो आहे कसा, याला महत्त्व नाही. निरोप काय आणला, याला आहे. म्हणजे ही जात नव्हे, हुद्दा आहे!

टपालखात्याकडे मी आजपासून निराळ्या नजरेने पाहीन.

११ जानेवारी

बलामाच्या गाढवीला वाटेत उभा असलेला देवदूत दिसला. विद्वान बलामाला दिसला नाही. आमच्या मुख्याध्यापकांचे स्मरण झाले. पुढे वाचतो.

१३ जानेवारी

पंख सापडले! पण कसले हे पंख!

यशयाच्या दर्शनात सराफीम : प्रत्येकाला सहा पंख. दोहोंनी मुख झाकायचे, दोहोंनी पाय झाकायचे, उरलेल्या दोहोंनी उडायचे. यहेज्केलात त्याहून अघटित. प्रत्येकाला चार तोंडे : माणसाचे, सिंहाचे, बैलाचे, गरुडाचे, शेजारी चाकात चाक, आणि चाकांच्या कडांना सर्वत्र डोळे! चित्रकारांनी हे सगळे वाचून, घाम पुसून, दोनच पंखांचा गुबगुबीत मुलगा काढला असावा. आमच्या देवदूताच्या चित्रकाराने तर नाद सोडून सरळ एखादा शिपाई काढला.

ताईकडे जेवायला गेलो होतो. ती बटाटे सोलत होती. मी भारावून, हातवारे करून तिला सराफीम सांगितला. तिने सुरी थांबवली.

“दोन पंखांनी तोंड झाकलेलं?”

“देवाच्या तेजापुढे. नम्रतेने.”

“मग त्याला गारा दिसणार कशा?”

हा आक्षेप कोणत्याही धर्मपंडिताने आजवर उपस्थित केलेला नाही. मी आणखी सूप वाढून घेतले.

तिला आवडला तो एलीयाचा देवदूत. संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देवदूत येतो, त्याला हलवतो, म्हणतो — ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचे मडके. तो खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो — ऊठ, खा, वाट लांबची आहे. बस. प्रवचन नाही, दोषारोप नाही.

“हा खरा,” ताई म्हणाली. “आधी जेवायला घातलं. तुझ्यासारखं भाषण नाही केलं.”

आणखी एक निरीक्षण, विसरण्यापूर्वी : देवदूत समोर आला की बहुधा पहिलेच वाक्य — ‘भिऊ नका’. म्हणजे दर्शन भीतिदायक असणार. की समोरचा माणूस आधीच भ्यालेला असतो?

१६ जानेवारी

नामप्रकरण. सावधपणे लिहितो.

रफाएलाचा वृत्तांत तोबिताच्या पुस्तकात आहे. तो तरुण तोबियासोबत प्रवासाला निघतो, साधा वाटाड्या म्हणून. कुत्राही मागे निघतो. आणि तोबियाचा म्हातारा बाप त्याला विचारतो, बाबा रे, तू कोणाचा कोण? तेव्हा हा आद्यदेवदूत, देवाच्या सिंहासनासमोर उभा राहणारा, बेधडक सांगतो : मी अमक्याचा मुलगा अजऱ्या! खोटे नाव! पूर्ण कुलवृत्तांतासह!

मी फादरांच्या दाराशी पोचलो तो श्वास संपलेला. म्हटले, फादर, झाले काम. रेतोकादेल हे टोपणनाव आहे. आत मीखाएलच आहे. बंदूक हा पुरावा. तो लढवय्या.

फादर इतके हसले की डोके धरून बसले. “मास्तर, टोपणनाव मान्य. पण ते शास्त्रात तरी कुठं आहे?” मग त्यांनी समजावले : या साऱ्या नावांच्या अंती ‘एल’ येते, त्याचा हिब्रूत अर्थ देव. मीखाएल — देवासारखा कोण? गब्रीएल — देव माझे सामर्थ्य. रफाएल — देव बरे करतो. “आता रेतोकादेल. शेवटी ‘एल’ आहे, ठीक. पण ‘रेतोकाद’ असा शब्द हिब्रूत मला सापडत नाही.”

‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे! घरी येऊन तीन व्युत्पत्ती सिद्ध केल्या : देवाची गर्जना, देवाची तटबंदी, देवाने परत पाठवलेला (गारांच्या संदर्भात). तिसरी मला फार भावली. बावन्न वर्षे मी नुसता रेतो म्हणून वावरलो, आणि आत एवढा अर्थ दडला होता!

१९ जानेवारी

डोंगरापलीकडच्या गावात काल गारा पडल्या. लहान होत्या म्हणतात. तरी अर्धे रान झोपले.

ताईकडे सिरिलोकाका बसले होते. तिच्या ओट्यावर, टोपी गुडघ्यावर ठेवून. ते क्वचितच कुणाकडे जातात. त्यांच्या वर्षी देवदूत निघाला होता, पण पावसाच्या भीतीने पहिल्याच बांधावरून माघारी आणला होता. पुढचे मला जन्मतारखेमुळे ठाऊक आहे.

काका ताईला सांगत होते की माणसाला सगळ्याची सवय होते, याची होत नाही. कोणी वाईट हेतूने बोलत नाही. लोक नुसता काळ मोजतात — हा सिरिलोच्या गारेआधीचा, ती सिरिलोच्या गारेनंतरची. “नातीचं लग्न ठरवायला पाहुणे आले होते,” ते म्हणाले. “दारात उभं राहून म्हणाले, म्हणजे त्या गारेवाल्यांकडचीच का?”

 ते गेल्यावर ताईने उत्सवाची शाल काढून पुन्हा घडी घातली. घडी आधीच नीट होती.

मी विनोद केला नाही. पृष्ठाने या असामान्य घटनेची दखल घ्यावी.

२२ जानेवारी, रविवार

प्रकटीकरण, अध्याय सातवा! पृथ्वीच्या चार कोपऱ्यांवर चार देवदूत उभे — आणि त्यांनी चारी वारे धरून ठेवले आहेत, भूमीला, समुद्राला, झाडांना इजा होऊ नये म्हणून! पुढे जलांचा देवदूत आहे, अग्नीवर अधिकार असलेला आहे. म्हणजे आभाळ आवरणे हे देवदूतांचे अधिकृत शासकीय कर्तव्य आहे! बिशपसाहेबांनी हे पान वाचले नसेल काय?

मिस्सा संपण्याची वाट पाहणे मला फार जड गेले. फादरांनी तो उतारा मन लावून वाचला. म्हणाले, “सुंदर आहे. कामाबद्दल माझा आक्षेप उरला नाही. पण मास्तर, आदेश कामाबद्दल नाही, नावाबद्दल आहे. वर लिहून कळवायचं तर मला नाव लागेल.”

नाव, नाव, नाव! दारूगोळा तयार आहे, वाद्यवृंद तयार आहे, ताईने मेंढे सांगून ठेवले आहेत, आणि सारे एका विशेषनामाशी अडले आहे.

२५ जानेवारी

आजचे क्रमाने लिहितो. 

देवदूत निघो वा न निघो, यजमानाने चित्र स्वच्छ करायचे ही रीत. आज ताईने ते केले. शिळ्या पावाचा मऊ गर घेऊन हलक्या हाताने धूर टिपायचा; पाणी लावायचे नाही. चौकटीची खालची पट्टी सैल झाली होती, म्हणून मी ती उतरवली. फादर शिडी धरून उभे. ताई देवदूताच्या बुटांपाशी आली, तिथून अक्षरांवर. शेकडो मेणबत्त्यांची काजळी पावाला लागून येत होती.

“रेतो,” ती म्हणाली, “इथं मधे एक अक्षर आहे.”

मी वर चढलो. ‘रेतोकाद’ आणि ‘एल’ यांच्या मध्ये, आजवर जो काजळीचा डाग म्हणून आम्ही सोडून देत आलो, त्यातून एक गोल, सुबक ‘ओ’ वर आला. आणि चौकटीच्या पट्टीने झाकलेल्या कडेवर, ‘एल’च्या पुढे, आणखी एक शब्द : ‘आन्यो’. त्यापुढे आकडे होते, ते उंदरांनी खाल्ले होते.

*रेतोकादो एल आन्यो…*

पृष्ठा, मी पंचवीस वर्षे व्याकरण शिकवतो. ‘एल’! हा हिब्रूतला देव नव्हे. हे आमच्या भाषेतले क्षुद्र, निरुपद्रवी उपपद — पुल्लिंगी नामाआधी लागणारे, जे मी पहिलीच्या मुलांकडून फळ्यावर घोटवून घेतो! आणि ‘रेतोकादो’ म्हणजे डागडुजी केलेले. संपूर्ण वाक्य : ‘डागडुजी केली, साल अमुक.’

हे नाव नाही. हा रंगाऱ्याचा शेरा आहे.

सारे गाव पिढ्यानपिढ्या गुडघे टेकून म्हणत आले — हे पवित्र डागडुजी, आमचे रक्षण कर. आणि मी! व्याकरण-मार्तंड! देवाने परत पाठवलेला! माझे नाव श्रीमान डागडुजी काल्यिसाया आहे!

फादरांनी शिडी सोडली आणि बाकावर बसून दोन्ही हातांत तोंड लपवले. खांदे हलत होते. मला वाटले रडतात. रडत नव्हते.

ताईने काय झाले विचारले. मी समजावले. तिने पावाचा काळा गोळा मुठीत दाबला, आणि म्हणाली, “बरोबरच आहे की. तुझी डागडुजी आम्ही जन्मापासून करतोय.”

मग ती शिडीवर पुन्हा चढली आणि बुटांचे उरलेले काम पुरे केले. पाठ आमच्याकडे होती. तिचा आवाज मात्र बदलला होता : “म्हणजे आता तो बाहेर निघतच नाही. होय ना, फादर?”

फादरांचे हसू तिथेच थांबले.

२६ जानेवारी

सापडले! सापडले! सापडले!

सूर्य उगवत होता. मी कोंबड्यांना दाणे टाकायचे सोडून पवित्र शास्त्रातले ‘शास्ते’ हे पुस्तक उघडून बसलो होतो. अध्याय तेरावा. मानोहा नावाचा साधा शेतकरी. त्याच्या बायकोकडे देवदूत येतो. शेतातच! ती नवऱ्याला सांगते, तो कुठला हे मी विचारले नाही आणि त्याने नाव सांगितले नाही. पुढे मानोहा स्वतः भेटतो. भला माणूस, आमच्या सिरिलोकाकांसारखा. म्हणतो, तुमचे नाव काय, म्हणजे आम्हाला तुमचा सन्मान करता येईल? आणि देवदूत उलट विचारतो : माझे नाव कशाला विचारतोस? ते अद्भुत आहे.

मग धागा लागला! याकोब रात्रभर ज्याच्याशी झुंजला, त्यालाही नाव विचारले. त्यानेही हेच म्हटले, नाव कशाला विचारतोस? अब्राहामाचे पाहुणे — निनावी. गाढवीला दिसला तो — निनावी. एलीयाला भाकर देणारा — निनावी. वारे धरणारे चौघे — निनावी! नाव असलेले तिघे, आणि बाकीची सारी सेना नाव न सांगता येते, काम करते, जाते!

बिशपसाहेबांनी बंदी घातली ती शास्त्रात नसलेल्या नावांवर. आमच्या देवदूताला तर नावच नाही! कधीच नव्हते!

मी एका पायात चप्पल, एका पायात नाही, अशा अवस्थेत धावलो. कोंबड्या मागे. फादरांनी दार उघडले, मी एका दमात सगळे म्हटले. त्यांनी तो अध्याय स्वतः वाचला, मग बिशपसाहेबांचा आदेश काढून पुन्हा वाचला, बोट ठेवून, ओळीओळीने.

“निनावी दूताबद्दल,” ते सावकाश म्हणाले, “ह्यात एक शब्द नाही.” मग हळूच हसले. “काल आपण त्याचं नाव घालवलं नसतं, तर तो अडकलाच होता.”

त्यांची अट एकच : रविवारी सगळ्यांना खरे सांगायचे. आणि सांगायचे मी. नाव माझेही आहे म्हणून.

मी ताईच्या दारातून ओरडलो. तिने मेंढ्याचा मसाला वाटता वाटता मान वर केली. “निघतोय?”

“निघतोय!”

तिने वाटणे थांबवले नाही. पण वरवंट्याचा ताल बदलला — नाचाचा झाला.

२९ जानेवारी, रविवार

सांगितले. वक्तृत्वाची पराकाष्ठा केली. आधी कुजबुज, मग खेचराच्या मालकाने हात वर केला : जनावराचे नाव आता बदलावे लागेल काय? मी म्हटले, खेचराने आक्षेप घेतल्यास.

एका बाईने विचारले, गारा आल्या तर हाक कोणत्या नावाने मारायची? फादर उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सिरिलोकाका उठले. म्हणाले, त्या वर्षी मी त्याला नावाने हाक मारली होती, घसा फाटेपर्यंत. या वेळी नावाशिवाय मारून बघू. आणि पालखीचा एक कोपरा त्यांचा. माघारी न फिरण्यासाठी. वयाचे कारण कोणी सांगू नये.



१ फेब्रुवारी

अग्निबाण मोजले, वाळत घातले. आकाश निरभ्र. नवी टोपी काढून ब्रश केली : राखाडी, उत्कृष्ट नमदा, कडा ताठ. उद्याचे आभारप्रदर्शन पाठ केले. निम्मे ताईने कापले.

२ फेब्रुवारी

पायांत प्राण नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी निघालो. पुढे तुतारी आणि ढोल, मागे ताई नव्या शालीत, तिच्या हातात मेणबत्ती. मध्ये तो, पिसांच्या टोपीसह, स्वच्छ तोंडाने, निनावी. फादर पुढच्या कोपऱ्याला, खांदा देण्याचे वचन पाळत, चेहरा पांढराफटक. मागच्या कोपऱ्याला सिरिलोकाका.

पहिल्या बांधापर्यंत ऊन होते. तिथे डोंगराच्या खांद्यावरून तो आला. ढग नव्हे, भिंत. पोटात हिरवट. गार भरलेला ढग आम्ही लहानपणापासून ओळखतो. वाद्ये थांबली. पावसाचे दोन शिंतोडे आले. मी अग्निबाणांच्या पेटीकडे धावलो, वात पेटवली — विझली. दुसरी — विझली. मेघविध्वंसक अधिपती चिखलात गुडघ्यावर बसून काड्या ओढत होता, आणि तेवढ्यात मागे काका घसरले. पाय मुरगळला. पालखी कलली.

लोक म्हणू लागले, मागे फिरा, चित्र भिजेल. ताईकडे कोणी पाहत नव्हते. ती बांधावर तशीच उभी होती, विझलेली मेणबत्ती धरून. काका चिखलातून ओरडत होते, “फिरू नका! फिरू नका रे!”

तेव्हा शेताच्या अंगाने एक माणूस वर आला नि त्याने काकांचा कोपरा खांद्यावर घेतला. अगदी सहज, रोजचे काम असल्यासारखा. अंगावर मातकट रंगाचा लोकरी पोंचो, धुळीचे पाय, डोके उघडे. माझ्या जवळून जाताना थांबला. मी अजून काड्याच ओढत होतो. म्हणाला, “घाबरू नका, मास्तर. चला.” आवाज शांत. पावसाने त्याचे केस भिजत होते, म्हणून मी — का ते ठाऊक नाही — माझी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

आणि चाललो! दुसरा बांध, तिसरा, अगदी शेवटच्या वाफ्यापर्यंत, बटाट्याच्या जांभळ्या फुलांतून. तो ढग आमच्या डोक्यावर येऊन थबकला. वारा फिरला. कोणीतरी पकडून वळवावा तसा! गारा पडल्या, होय — शेतांपलीकडल्या उघड्या माळावर, पांढऱ्या, आवाज इथवर आला. आमच्या एका फुलाची पाकळीही पडली नाही!

ताई मटकन बांधावर बसली आणि हसू लागली. तिला असे हसताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. काकांना दोघांनी उचलून आणले. ते मुरगळलेल्या पायावर नाचायला निघाले होते.

मग जेवण! मेंढा, बटाटे, मक्याची दारू, चटणी. त्या माणसाला ताईने स्वतः वाढले. त्याने दोनदा मागून घेतले, चटणीची तारीफ केली. मी आभारप्रदर्शनासाठी सर्वांची नावे टिपत फिरत होतो, त्यालाही विचारले. “नावाचं काय घेऊन बसलात, मास्तर,” तो म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडला. आम्ही दोघेही हसलो. भाषण उत्तम झाले. कोणी ऐकले नाही.

डोळे मिटत आहेत. ‘प्रिमितिवाची गार’ नाही! नाही! नाही!

३ फेब्रुवारी

टोपी परत आलेली नाही.

ताई म्हणते, तो फादरांचा माणूस. फादर म्हणतात, त्यांना वाटले ताईच्या सासरचा. काका म्हणतात, तो ज्या अंगाने वर आला तिथे वस्तीच नाही. नुसता माळ, जिथे काल गारा पडल्या. सकाळी चर्चमध्ये जाऊन चित्रही नीट पाहून आलो — त्याच्या डोक्यावर त्याचीच टोपी आहे, पिसांची.

मग माझी टोपी मागायची तरी कोणाकडे? नाव विचारले होते. सांगितले नाही. आणि आज ऊन भारी कडक आहे.